दसऱ्याला अडलेली मोटार

साखरशेतचा ढवळू मोटार हाकतो, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या पाड्यावर बरीच वर्षं कुणी खरी धरली नव्हती. म्हाताऱ्यांचं म्हणणं असं, की बैलांशिवाय चालते ती गाडी कसली, आणि आपली आपण चालत असेल तर तिला हाकायला माणूस कशाला लागतो? ढवळू यावर नुसता हसायचा. वाद घालणं त्याच्या रक्तातच नव्हतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ढवळूच्या घरी ती कायमची राहायला आली होती. जोरात बोलायची भीड, नाही म्हणायची भीड, शेठची भीड आणि देवाची तर विचारूच नका.

नाचणीच्या शेतात पोट भरेना म्हणून तो मुंबईला गेला, एका मोटारखान्यात गाड्या धुवायला राहिला आणि धुता धुता तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मोटार चालवायलाही शिकला. मिस्त्री त्याला सांगायचा, "इंजिन हे अंग, पेट्रोल हे रक्त आणि हा मॅग्नेटो हा जीव. ठिणगी इथून उडते. ठिणगी गेली की गाडी म्हणजे नुसतं लोखंड." ढवळूनं हे गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं. जरा जास्तच घट्ट धरलं, ते पुढं येईलच.

पहिली मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. जव्हारचे गोवर्धनशेठ लाकडाचे आणि हिरड्याचे व्यापारी. त्यांनी मुंबईहून जुनी मोटार घेतली आणि तिच्याबरोबर ढवळूलाही घेऊन आले. जव्हारात तेव्हा मोटारी दोनच, एक दरबारची आणि दुसरी ही. शेठच्या घरी त्यांची विधवा बहीण कुसुमावती राहायची. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि पोटाशी मुलगी घेऊन ती भावाकडे परत आली. मुलीचं नाव विद्युल्लता. सहा वर्षांच्या पोरीला एवढं मोठं नाव आणि ढवळूच्या जिभेला तर ते मुळीच पेलेना. तो तिला नुसतं 'बाय' म्हणायचा. मोटार दारात उभी असली की ही बाय पुढच्या बैठकीवर चढून भोंगा वाजवत बसायची आणि ढवळू तिला एका शब्दानं बोलायचा नाही. गल्लीतली म्हातारी माणसं शेठकडे गाऱ्हाणं घेऊन जायची आणि शेठ ढवळूवर ओरडायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बायच्या अंगात ताप भरला. घसा दुखतो म्हणाली. सणाच्या गडबडीत काढा दिला, मीठ-हळदीच्या गुळण्या दिल्या. दसऱ्याला दुपारी मात्र तिच्या श्वासाला आवाज यायला लागला. घरघर, घरघर, सुंभ ओला करून ओढावा तसा. दवाखान्यातले डॉक्टर आले, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून आत पाहिलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "घटसर्प आहे. घशात पांढरा पडदा धरलाय, तो श्वासाची वाट बुजवतोय. याच्यावरची लस नाशिकच्या दवाखान्यात मिळेल. बैलगाडीनं जाल तर पोचणार नाही. मोटार आत्ताच्या आत्ता काढा."

दरबारची मोटार त्या आठवड्यात मुंबईला गेली होती. उरली ती शेठची.

कुसुमावतीनं मुलीला गोधडीत गुंडाळलं आणि मागच्या बैठकीवर जाऊन बसली. शेठ पुढं बसले. ढवळूनं मोटारीच्या तोंडाशी इंजिन सुरू करायचं हँडल घातलं आणि फिरवलं.

काही नाही.

परत फिरवलं. इंजिन 'हुं' म्हणायचं नाव घेईना. हार घातलेला, हळदी-कुंकू लावलेला तो लोखंडी हत्ती जागचा हलेना. चाकाखाली सकाळी फोडलेल्या नारळाची शकलं अजून तशीच पडली होती.

"काय झालं रे?" शेठ ओरडले.

"लागंल, शेठ. लागंल."

ढवळूनं टाकीत काठी बुडवून पाहिली. पेट्रोल भरपूर. कार्बुरेटरची टिकली दाबून पाहिली, थेंब टपकला, म्हणजे खालपर्यंत येतंय. मग त्यानं दोन्ही हातांनी हँडल धरून इतकं फिरवलं, की सदरा अंगाला चिकटला. इंजिन आपलं गप्प. मागून मात्र ती घरघर ऐकू येत होती.

आता खरं तर पाना घ्यायचा, प्लग काढायचा आणि ठिणगी आहे की नाही हे पाहायचं. मोटारीचं काम करणारं कुणीही हेच करील. पण पाने होते कुठं? देवघरात. खंडेनवमीला शेठच्या तराजूशेजारी, कुऱ्हाडी-करवतींबरोबर तेही पाटावर मांडले होते, झेंडूच्या फुलांखाली. एकदा हत्यार पुजलं की दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यार देव असतं, आणि देवाला कुणी बोल्ट पिळायला लावतं का? शेठच्या घरी ही रीत होती, ढवळूच्या पाड्यावर तर त्याहून कडक. तेव्हा हत्यार न लागणारे जेवढे उपाय होते तेवढे तो करत बसला. पोरीचा श्वास कोंडत होता आणि हा भला माणूस पाटावरच्या पान्यांची भीड धरून होता. त्याला हलवून विचारावंसं वाटतं, बाबा रे, देवाला कळलं नसतं का? पण दोष त्या एकट्याला कसा द्यावा? शेठ तिथंच होते, शेठाणी दारात होत्या, अर्धी गल्ली जमली होती, आणि 'जा, पाने आण' असं कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

"ढकलून बघू," ढवळू म्हणाला. "उतारावर सोडली की लागंल."

दसऱ्याचा दिवस, रस्त्यावर माणसं चिक्कार. आपट्याची पानं हातात, मुंडाशात खोचलेली. दहाबारा जण पुढं झाले. हमालीला असलेला लक्ष्या सगळ्यात आधी, मागून खांदा लावून. ढवळूनं चाकाजवळची ठिणगीची दांडी, ठिणगी लवकर उडावी म्हणून, पुढं सरकवली, गियर टाकला आणि बाजारातल्या उतारावर मोटार सुटली. चाकं फिरली, माणसं धावली, गाडीनं दोन-तीन गचके दिले. सगळ्यांना वाटलं, आता लागणार. लागली नाही. उतार संपला, आणि गाडी खाली वडाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! मघाशी निदान घराच्या दारात होती आणि पुढं उतार तरी शिल्लक होता.

भोवती माणसं गोळा झाली. आता उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाला, पेट्रोलला उन्हाचा तडाखा बसला असेल. दुसरा म्हणाला, आजच्या दिवशी लोखंड राबवू नये, ते रुसतं. तिसऱ्यानं तर कोंबडं आणायची तयारी दाखवली. ढवळूला त्यातलं तिसऱ्याचं म्हणणं थोडं पटलंही होतं.

तेवढ्यात मागच्या बैठकीवरून कुसुमावतीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले.

"दादा, हिचे ओठ निळे पडताहेत."

शेठनं ढवळूकडे पाहिलं. तेव्हा कुठं ढवळूच्या तोंडून निघालं, "शेठ, पाने पायजेत. देवघरातले."

शेठ लक्ष्याला म्हणाले, "जा. पाटासकट उचलून आण."

लक्ष्या चढ चढून गेला आणि पाट घेऊन धावत आला, फुलं वाटेवर सांडत. त्याच्यामागून शेठाणी आल्या, धापा टाकत. ढवळूनं पाटाला हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि पाना उचलला. प्लग काढला, तार तशीच ठेवून इंजिनाच्या लोखंडावर आडवा टेकवला. "लक्ष्या, मार हँडल!" लक्ष्यानं मारलं. ढवळू प्लगच्या टोकाला डोळा लावून होता. निळी ठिणगी उडायला हवी होती. उडाली नाही. दुसरा प्लग काढला. तोही तसाच थंड.

ठिणगी नाही. म्हणजे मॅग्नेटो. म्हणजे जीव.

मघापासून ढवळूच्या मनात सगळ्या जागा येऊन गेल्या होत्या, ही एक सोडून. कारण ह्या जागेत काही बिघडणं शक्यच नव्हतं. हिची पूजा तर त्यानं स्वतः केली होती. त्याच्या पाड्यावरची रीत अशी, की कोयता पुजायचा तर कुंकू मुठीला लावत नाहीत, धारेला लावतात. नांगराच्या लाकडाला नाही, फाळाच्या टोकाला. ज्या जागेनं काम होतं, तीच देवाची जागा. सकाळी शेठाणींनी मोटारीच्या टोपणाला, दिव्यांना कुंकू लावलं, तेव्हा ढवळूला ते अपुरं वाटलं. सगळे जेवायला आत गेल्यावर त्यानं मॅग्नेटोचं गोल झाकण उघडलं. त्याला पाना लागत नाही, वरची स्प्रिंग बाजूला सारली की झालं. आणि जिथं दोन इवलीशी टोकं एकमेकांना भिडतात आणि ठिणगीचा जन्म होतो, तिथं त्यानं बोटानं कुंकू लावलं. कोरडं झडून जाईल म्हणून खोबरेल तेलात कालवून, चांगलं चोपडून.

त्यानं झाकण उघडलं. आत सगळं लाल, आणि तेलाच्या थरानं ती दोन टोकं एकमेकांपासून तुटलेली.

"हे कुणी केलं?" शेठनं विचारलं.

"मीच," ढवळू म्हणाला. त्याची मान खाली होती. "पूजा केली, शेठ. चांगली होवी म्हणून केली."

पुढं बोलायला वेळ नव्हता. ढवळूनं खांद्यावरचं फडकं काढलं, पेट्रोलमध्ये भिजवलं आणि हात आत घातला.

"थांब!" शेठाणी किंचाळल्या. "अरे, कुंकू पुसतोस? दसऱ्याचं कुंकू? ह्यांच्या मोटारीवरचं?"

त्यांनी पुढचं बोलून दाखवलं नाही, पण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला ते कळलं. शेठाणींचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला होता. त्या वाईट बाई नव्हत्या. भाचीवर त्यांचा जीव होता, कालपासून तिच्या उशाशी त्याच जागत होत्या. पण पुढच्या बैठकीवर त्यांचा नवरा बसला होता, आणि भीती माणसाला आधी आपल्याच घराकडे पाहायला लावते. ढवळूचा हात जागच्या जागी थिजला. शेठ उठून उभे राहिले, खाली बसले, परत उठले. हिरड्याचा भाव एका शब्दात ठरवणारा माणूस, पण त्याच्या तोंडून 'पूस'ही निघेना आणि 'नको'ही निघेना.

कुसुमावती गाडीतून उतरली. पोरीला तिनं शेठाणींच्या हातात दिलं. "वहिनी, हिला धरा. मान वर ठेवा."

मग ती इंजिनापाशी आली. सकाळी ह्याच मोटारीची पूजा झाली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. विधवेनं पूजेसमोर येऊ नये. आता तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

"सरक," ती ढवळूला म्हणाली. "मला दाखव कुठं ते. माझं पुसलं तेव्हा कुणी थांबलं नव्हतं. आता पोर जातीय, तर एवढे सगळे थांबलेत."

तिनं पदराचं टोक पेट्रोलमध्ये बुडवलं आणि ढवळू बोट दाखवील तिथं पुसायला लागली. कपडा लाल झाला की दुसरं टोक. दोन टोकांच्या मधल्या चिरेत पदर जाईना, तेव्हा ढवळू पुढं झाला. त्यानं विड्यांच्या पुडक्याचा जाड कागद फाडला, पेट्रोलमध्ये भिजवून त्या चिरेतून ओढला, परत ओढला, लाल यायचं थांबेपर्यंत ओढत राहिला. मागं शेठाणी पोरीला उराशी धरून, तिची मान वर करून, तोंडानं देवाचं नाव घेत होत्या आणि रडत होत्या.

झाकण बसवलं. प्लग बसवले. कुसुमावती पोरीला परत घेऊन मागच्या बैठकीवर बसली. ढवळू धावत पुढं गेला, हँडल घातलं आणि जीव खाऊन फिरवलं.

घाईनं घात केला. मघाशी उतारावर ठिणगीची दांडी पुढं सरकवलेली, ती मागं घ्यायची राहिली. ठिणगी वेळेआधी उडून इंजिनानं उलटा तडाखा दिला आणि हँडल ढवळूच्या उजव्या मनगटावर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज लक्ष्यानंही ऐकला. ढवळू खाली बसला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून तो ओरडला, "जीती आहे! शेठ, जीती आहे!" मेलेलं इंजिन लाथ मारत नाही.

"शेठ, ती दांडी मागं घ्या! मागं!" शेठला दांडी दाखवून, मागं घ्यायला लावून, तो उठला आणि डाव्या हातानं हँडल मारलं. इंजिन खोकलं. धुराचा लोट सोडून परत खोकलं आणि धडधडायला लागलं. लोकांनी आरोळी ठोकली. ढवळूनं तिकडं पाहिलंही नाही. उजवा हात मांडीवर टाकून, डाव्या हातानं चाक धरून त्यानं मोटार मोखाड्याच्या रस्त्याला लावली. गियर बदलायचा असला की "शेठ, ओढा" म्हणायचा, आणि शेठ तो सांगेल तशी गियरची दांडी ओढायचे.

इथून पुढं खरी परीक्षा. रस्ता कसला, पावसानं उकरलेली वाट. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, नाचणी उभी, आणि कडेला दसऱ्याला निघालेली माणसं भोंगा ऐकून शेतात उड्या मारत होती. इंजिनाचा असा गोंगाट, की मागच्या बैठकीवरचं पुढं ऐकू येत नव्हतं. वडाखाली असताना ती घरघर नकोशी झाली होती. आता ती ऐकू येत नव्हती, आणि हे त्याहून वाईट होतं.

"श्वास आहे का?" शेठ मागं वळून विचारत.

कुसुमावती बोट पोरीच्या नाकाशी धरायची, पण वाऱ्यात त्या बोटाला काय कळणार? छातीवर हात ठेवावा तर गाडीच्या धक्क्यांनी सगळंच हलत होतं. डोळे मिटलेले. अंग गरम होतं, पण मघाशीही गरमच होतं.

मोखाड्याला रेडिएटरनं वाफ सोडली. ढवळूनं गाडी उभी केली, इंजिन मात्र चालू ठेवलं. भागी नावाची एक बाई डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालली होती. शेठनं हात जोडून पाणी मागितलं. तिनं गाडीत वाकून पाहिलं, हंडा खाली घेतला आणि ढवळूनं टोपण काढल्याबरोबर बेतानं पाणी ओतत राहिली.

"ढवळू," कुसुमावती मागून म्हणाली, "घडीभर बंद कर. एवढंच. मला ऐकू दे."

ढवळूचा हात कळीकडे गेला आणि मागं आला. त्या चिरेत तेल राहिलं असेल तर तापून परत टोकांवर येणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा एक हात निकामी, शेठना हँडल कसं धरतात तेही माहीत नव्हतं. जन्मात त्यानं ह्या घरात कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"नाय," तो म्हणाला.

"अरे, माझी पोर आहे की नाही तेवढं तरी..."

"नाय, ताई. बंद केली आणि परत लागली नाय, तं मग ऐकून काय करशाल? ती आहे, असंच धरून चालायचा. नाशिक येतवर आहेच."

कुसुमावतीनं त्याच्याकडे पाहिलं. इतकं लांब वाक्य ती त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. तिनं पोरीला घट्ट धरलं आणि म्हणाली, "चल मग."

त्र्यंबकच्या अलीकडच्या घाटात इंजिन दोनदा अडखळलं. दोन्ही खेपेला परत धरलं. ढवळूचं मनगट फुगून पोटरीएवढं झालं होतं. तो ओठ चावून चाक वळवत होता आणि चढावर इंजिनाशी आपल्या बोलीत बोलत होता, शेतातल्या बैलाशी बोलावं तसं. शेठ मागं वळून विचारायचं कधीच सोडून बसले होते. उत्तराची भीती वाटायला लागली की माणूस प्रश्न विचारत नाही.

नाशिकच्या दवाखान्याच्या फाटकात मोटार शिरली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. एक परिचारिका व्हरांड्यातून धावत आली, काहीतरी ओरडत. गोंगाटात कुणाला काही समजेना. तिनं हातानं खूण केली, बंद करा, बंद करा.

ढवळूनं कळीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. आता मोटार परत लागली नाही तरी चालणार होतं, हे त्याला कळत होतं. पण वाटभर त्यानं एका आईला 'ती आहे' म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरं की खोटं, हे आता ह्या बोटाखाली होतं. मागं वळून पाहायचं धैर्य त्याला झालं नाही. त्यानं कळ दाबली.

इंजिन थांबलं. कानात नुसता गुंजारव. वडाच्या झाडाखाली मेलेल्या मोटारीत होती तशीच शांतता, पण ह्या खेपेला तिच्यात घरघर नाही. शेठनं तोंडावर हात घेतला.

मग मागून आवाज आला. बारीक, ओला, ओढत ओढत आलेला. घरघर. थांबला. परत आला. घरघर.

ढवळूनं चाकावर डोकं टेकवलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. कुसुमावती पोरीला घेऊन परिचारिकेमागून धावत गेली होती. शेठ आपल्या ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि दाराच्या आतून ती घरघर अजून ऐकू येत होती. दोघेही जागचे न हलता ती ऐकत राहिले.